पेशींना डावी बाजू कळते कशी?

सिलिया, म्हणजे पेशींवरचे केसासारखे सूक्ष्म तंतू, गर्भातला द्रव फिरवतात म्हणून हृदय डावीकडे जातं, हे काहींना पटत नाही. झेब्राफिश या छोट्या माशामध्ये ते डोळ्यांनी बघता येतं. गर्भ पारदर्शक, कापाकापी नाही. फलनानंतर साधारण १२ तासांनी शेपटीच्या बाजूला द्रवाने भरलेली इवलीशी पोकळी दिसते, कुप्फरची पिशवी. तिच्यात चमकणारे सूक्ष्म मणी सोडले की ते एकाच दिशेने गोल फिरतात. सिलिया लुळ्या असलेल्या म्युटंटमध्ये (जनुकात बिघाड असलेल्या माशांत) मणी जागच्या जागी थरथरतात, आणि हृदय कुठे वळणार हा मग निव्वळ छापा-काटा!

खरा वाद पुढचा आहे: पेशींना प्रवाहाचा धक्का कळतो, की त्यातून वाहत आलेलं रसायन? २०२३ साली अशाच लुळ्या सिलिया लेसरच्या चिमट्याने (सूक्ष्म गोष्टी धरून हलवणाऱ्या प्रकाशझोताने) हलवून पाहिल्या. सिलियांच्या आत कॅल्शियम उसळलं, आणि हृदयाची बाजू नुसती सुधारता नव्हे, उलटवताही आली. माझं मत म्हणून धक्क्याच्या बाजूने. रसायनाची शक्यता मात्र त्याने पुरती निकालात निघत नाही.

प्रयोग करणार असाल तर एकट्या हृदयावर विसंबू नका, यकृत आणि स्वादुपिंडही तपासा. हृदय बरोबर जागी आणि यकृत भलतीकडे, असेही गर्भ निघतात.