महिनाभर कादंबऱ्या वाचल्या, मग काय बिघडलं?

विट्याची सून
परवा इथे एका दादांनी लिहिलं, 'महिनाभर कादंबऱ्या वाचून हाती काय लागलं? तेवढ्यात एखादा कोर्स झाला असता.' नाव घेतलं नाही, पण पाच कादंबऱ्या संपवल्याचं आदल्याच दिवशी मी लिहिलं होतं, म्हणजे रोख कुणावर ते कळतं.

दादा, काही लागलं नाही हाती. लागावं म्हणून वाचलंच नव्हतं. एका रात्री पुस्तकाच्या नादात कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, डाळीचा लगदा झाला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आज आमटी पोळीला लावून खायची का?" 'बनगरवाडी' संपवून आटपाडीकडे माहेरी गेले, तर उन्हात मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी. लहानपणापासून दिसत होतीच, बघितली आत्ता. याचं सर्टिफिकेट कुठे मिळतं?

हळदीचा वायदा
तो दादा मीच. ताई, पोरगं चार वर्षं राज्यसेवेचा अभ्यास करतंय. आमच्या घरात 'मजेसाठी' हा शब्द काढायची सोय नाही. मी दिवसभर यार्डात अडत्यांशी डोकं लावून येतो, रात्री अक्षरं नाचतात. ज्याचं भागतं त्यानं मेंढरं बघावीत.

रिटायर्ड मास्तर
वाचा की, कोण नको म्हणतंय! पण वाचनालयाच्या पुस्तकांवर पेन्सिल चालवणारे कोण, ते आधी सांगा. गेल्या महिन्यात रहस्यकथा आणली. अकराव्या पानावर, समासात, सुवाच्य अक्षरात: 'खुनी डॉक्टर आहे.' हात तोडले पाहिजेत असल्यांचे.

घाटपायथा
मास्तर 😂 मी साताऱ्याचा, आणि मला खुणा आवडतात. 'फकिरा'ची जुनी प्रत हाताशी आली होती. पहिल्यांदा 'वाटेगाव' येतं तिथे कुणीतरी बारीक लिहिलेलं, 'आमचं गाव.' अण्णाभाऊंनी १९५९ साली छापलेलं नाव बघून त्या माणसाला काय वाटलं असेल! मी तिथेच दहा मिनिटं थांबलो. भिलारला २०१७ पासून घराघरांत पुस्तकं मांडलीत, तिथे जाऊन बसा एकदा. 'फायदा काय' म्हणून मला तरी कुणी विचारलं नाही.

रिटायर्ड मास्तर
सार्वजनिक पुस्तकात लिहिणं म्हणजे एसटीच्या सीटवर बदाम कोरणं. गावाचं प्रेम एवढं उतू जात असेल तर स्वतःची प्रत घ्यावी.

घाटपायथा
तुम्ही जन्मभर पोरांच्या वह्यांत लाल रेघा ओढल्यात, ते चाललं?

रिटायर्ड मास्तर
तो माझा पगार होता. तोंड सांभाळून बोला.

विट्याची सून
अहो, धागा कादंबऱ्यांचा आहे! दोघंही गप्प बसा बघू.

हळदीचा वायदा
पेन्सिलीचं निघालंच आहे म्हणून सांगतो. आमचं घर सांगलीच्या गावभागात. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा वडिलांची पुस्तकांची ट्रंक आठवडाभर पाण्यात होती. एकच वाचलं, 'ययाति'. खांडेकरांना ज्ञानपीठ मिळालं तेव्हा त्यांनी घेतलेली प्रत. गच्चीवर वाळवली, फुगून विटेएवढी झाली. पहिल्या पानावर शाईनं लिहिलेलं वडिलांचं नाव धुऊन गेलं. शेवटच्या पानावरचं पेन्सिलीचं मात्र जसंच्या तसं: 'पुन्हा वाचली. पाऊस. यार्ड बंद.' खाली तशाच तीन तारखा.

मला वाटायचं, म्हातारा पावसात हिशेब लिहीत बसायचा.

म्हणजे हा आजार आमच्याही घरात होता म्हणायचा. कोर्सचं बोललो ते मात्र मागे घेत नाही.

विट्याची सून
नका घेऊ. पोराला एक दिवस ते पुस्तक द्या फक्त.

हळदीचा वायदा
परीक्षा झाल्यावर बघू.

रिटायर्ड मास्तर
घरच्या पुस्तकाला माझी हरकत नव्हतीच. मुद्दा सार्वजनिक पुस्तकाचा आहे आणि तो अजून तसाच आहे.

घाटपायथा
बरं, हरलो. पण मास्तर, खुनी अकराव्या पानावरच कळला, मग पुस्तक परत केलंत का?

रिटायर्ड मास्तर
पूर्ण वाचलं. रात्री दोनपर्यंत. डॉक्टर नव्हताच, कंपाउंडर निघाला.