बर्गर यांची कॅम्डेनची बातमी: वेगाच्या आधीचं काम

अमेरिकी बातमीदार मेयर बर्गर यांची कॅम्डेनच्या हत्याकांडाची बातमी लेखणीच्या वेगामुळे गाजली, हे मत मला अपुरं वाटतं. वेग होताच: अडीच तासांत सुमारे ४,००० शब्द. पण त्याआधीची पायपीट बघा. ६ सप्टेंबर १९४९ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या कॅम्डेन शहरात हॉवर्ड अनरू या माणसाने रस्त्याने जात गोळ्या झाडून १३ जणांचा जीव घेतला. न्यूयॉर्क टाइम्सचे बर्गर त्याच्या वाटेने स्वतः चालले, सुमारे ५० जणांशी बोलले. हादरलेल्या साक्षीदारांच्या सांगण्यातल्या वेळा जुळत नाहीत. वाटेवरच्या दुकानांचा क्रम मात्र बदलत नाही. म्हणून घटनाक्रम आधी जागेवरून लावायचा, मग त्यात जबान्या बसवायच्या. नवे बातमीदार नेमकं उलटं करतात आणि क्रम विस्कटतो. या बातमीसाठी १९५०मध्ये मिळालेल्या पुलित्झर या पत्रकारितेच्या पुरस्काराची रक्कम बर्गर यांनी अनरूच्या आईला दिली, हेही नोंदवायलाच हवं.