मदत हवी आहे : चुंबकीय वादळात इलेक्ट्रॉनला ऊर्जा देतं कोण?

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. दहावीतल्या एका मुलीच्या प्रश्नावर आठवडाभर अडकले आहे.

मे २०२४ च्या सौर वादळात लडाखमधल्या हानलेचं आकाश लाल झालं होतं, ते फोटो वर्गात दाखवले. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळणाऱ्या अशा वादळांनंतर व्हॅन ॲलन पट्ट्यांतल्या (म्हणजे त्या क्षेत्रात अडकलेल्या कणांच्या, पृथ्वीभोवतीच्या पट्ट्यांतल्या) इलेक्ट्रॉनांची ऊर्जा लाखो इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत चढते, हेही सांगितलं. ती म्हणाली, "बाई, चुंबकीय बल कणाला नुसतं वळवतं, वेग वाढवत नाही, असं तुम्हीच म्हणालात. मग ऊर्जा आली कुठून?" किती नेमकं विचारलं पोरीने!

मला समजलंय ते असं : चुंबकीय क्षेत्र बदलू लागलं की फॅरेडेच्या नियमाने विद्युत क्षेत्र तयार होतं आणि ढकलतं तेच. या क्षेत्रातल्या, काही मिनिटांच्या संथ लहरींची लय इलेक्ट्रॉनाच्या पृथ्वीभोवतीच्या फेरीशी जुळली, की नेमक्या वेळी झोका दिलेल्या पाळण्यासारखी दर फेरीला भर पडते. इथवर मुलांना पटलं.

अडतंय ते कोरस लहरींपाशी, म्हणजे पट्ट्यांच्या परिसरातल्या एक प्रकारच्या विद्युतचुंबकीय लहरींपाशी. त्या सेकंदाला शेकडो-हजारो वेळा कंप पावतात आणि इलेक्ट्रॉनाच्या चुंबकीय रेषेभोवतीच्या गिरकीशी जुळतात. २०१२ साली सोडलेल्या व्हॅन ॲलन प्रोब्स या नासाच्या यानांनी पट्ट्याच्या आतच कण वेगवान होताना टिपले. पण या लहरींत काही इलेक्ट्रॉनांना ऊर्जा मिळते, काहींची जाते. मग एकूण बेरीज वाढीकडे का झुकते? समीकरणांशिवाय कसं सांगू?

बेळगाव-निपाणीकडचे कुणी भौतिकशास्त्राचे प्राध्यापक तासभर वर्गावर येऊ शकले, तर फार बरं होईल.