शब्दचर्चा : वास काँक्रीट, दर अ‍ॅबस्ट्रॅक्ट?

प्रश्न (सांगली) : मुलगी सहावीत आहे, सेमी-इंग्रजीला. गाइडमध्ये दिलंय, 'दिसतं आणि हाताला लागतं ते काँक्रीट नाउन, बाकी सगळं अ‍ॅबस्ट्रॅक्ट.' त्या हिशेबानं तिनं 'स्मेल' आणि 'थंडर' अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये टाकले. बरोबर आहे का? आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणजे आपलं भाववाचक नामच ना?

उत्तर (मिरज) : गाइडवाल्यानं नाक, कान आणि जीभ गाळली की हो! पाचांपैकी एका इंद्रियाला जरी कळलं तरी काँक्रीट. यार्डात हळदीचे सौदे चालू असताना उभं राहून बघा, वास कपड्यांना चिकटून घरापर्यंत येतो. म्हणजे स्मेल काँक्रीट, आणि ढगांचा गडगडाट ऐकू येतो म्हणून थंडरही. हळद, पोतं, हिशेबपट्टी हे तर सरळच आहे. पण पट्टीवरचा दर, म्हणजे प्राइस, अ‍ॅबस्ट्रॅक्ट. शाईचा आकडा दिसतो, किंमत दिसत नाही.

मोजता येण्याचा इथं संबंध नाही. 'वॉटर' मोजता येत नाही म्हणून अ‍ॅबस्ट्रॅक्ट, असं पोरं बिनधास्त लिहितात. 2019 च्या पुरात कृष्णा ज्यांच्या माडीपर्यंत आली त्यांना विचारा म्हणावं! उलट 'आयडिया' एक, दोन, तीन अशा मोजता येतात, तरी अ‍ॅबस्ट्रॅक्टच.

भाववाचकाचं म्हणाल तर अर्धं जुळतं. आपण पणा, की, ई लावून शहाणपणा, पाटीलकी, गोडी करतो, तसे तिकडे नेस, हुड, शिप, डम लागून काइंडनेस, चाइल्डहुड, फ्रेंडशिप, फ्रीडम होतात. पण शेपूट बघून निकाल लावू नका. 'नेबरहुड'ला हुड आहे, पण ती आपली गल्ली, आजूबाजूची वस्ती. चालत फिरून येता येतं. आणि 'वीक' अ‍ॅबस्ट्रॅक्ट आहे. आठवड्याला मात्र आपण भाववाचक म्हणत नाही.

प्रतिसाद (तासगाव) : मग 'म्युझिक' कुठं टाकायचं? आमच्याकडं यावरून दोन शिक्षकांचं वाजलंय.

उत्तर (मिरज) : वाक्य बघून. आमच्या इथं तंबोरे बनतात. त्याचा भोपळा काँक्रीट, तारा काँक्रीट, आणि जवारी, म्हणजे तारांचा झंकार खुलवणारी जुळणी, नीट लागल्यावर खोलीभर घुमतो तो नादही काँक्रीट. 'वी हर्ड म्युझिक' मधलं म्युझिक हे असं. 'शी स्टडीज म्युझिक' म्हटलं की ती विद्या झाली, अ‍ॅबस्ट्रॅक्ट. 'यूथ'चं तेच. 'अ यूथ' म्हणजे एसटी स्टँडवर उभा असलेला पोरगा, 'इन हिज यूथ' म्हणजे तारुण्य. दोन्ही शिक्षक आपापल्या वाक्यापुरते बरोबर असतील.

प्रश्न (सांगली) : आणि 'पेन'? दुखणं या अर्थाचा. लिहायचा नव्हे.

उत्तर (मिरज) : यावर व्याकरणवाल्यांचंही एकमत नाही. परीक्षेत अ‍ॅबस्ट्रॅक्ट लिहायला सांगा, 'हंगर'लाही तेच. पोटात कळ आली की चांगली कळते, हे पेपर तपासणाऱ्याला पटवत बसू नका.