बॉयलरचं झाकण आपण उघडावं का?

रेडिंगकर:
परवा पहाटे इथे इंग्लंडात, रेडिंगला, बाहेर उणे ६, आणि घर तापवणारा गॅसचा बॉयलर बंद. मुलं, बायको आणि सांगलीहून आलेले सासू-सासरे अंगावर घोंगड्या घेऊन स्वयंपाकघरात, ओव्हनचं दार उघडं ठेवून बसलेले. हेल्पलाइनवाली म्हणाली, माणूस शुक्रवारी येईल. त्या दिवशी होता सोमवार.

बॉयलरमधून हुक्क्यासारखी गुडगुड ऐकू येत होती. मागच्या भिंतीबाहेर एक पांढरा प्लास्टिकचा पाइप जातो, जळलेल्या वायूतल्या वाफेचं पाणी त्यातून बाहेर पडतं. तो गोठला होता. कोमट पाण्याच्या दोन बाटल्या ओतल्या (उकळतं ओतू नका, पाइप तडकतो), रीसेट दाबलं, पाव तासात खोल्यांतले रेडिएटर तापले. सासरेबुवांच्या नजरेत पहिल्यांदाच आदर दिसला.

आता खरा प्रश्न. अधूनमधून ज्योत पेटत नाही, तीन-चार वेळा टकटक करून बॉयलर लॉक होतो. ठिणगीचा इलेक्ट्रोड झिजलाय, याची मला खात्री आहे. पार्ट २२ पौंडांना मिळतो, बसवून द्यायचे १८० मागतात. काम म्हणजे चार स्क्रू. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. आणि १९९८ चे इथले गॅस सुरक्षा नियम वाचले तर काम करणारा ‘सक्षम’ हवा एवढंच म्हणतात. गॅस कारागीर म्हणून नोंदणीची अट धंदा म्हणून काम करणाऱ्यांना आहे. मग स्वतःच्या घरात का करू नये?

चहाबाज:
सासऱ्यांना आदर वाटला ना? मग तिथेच थांबा. :)

ज्वाला:
नाशिकच्या आयटीआयमधून इथे आलो, अकरा वर्षं हेच काम करतोय. नियम तुम्ही बरोबर वाचलाय, पण ‘सक्षम’ या शब्दावरून घाईने पुढे गेलात. स्क्रू काढायला सक्षमता लागत नाही, लावल्यानंतर लागते.

बऱ्याच कंडेन्सिंग (धुरातल्या वाफेची उष्णताही वापरणाऱ्या) बॉयलरमध्ये इलेक्ट्रोड थेट जळणाच्या कप्प्यात घुसलेला असतो. तो काढला की खालचं गॅस्केट (फट बंद करणारी चकती) नवं घालायचं, टोकांमधलं अंतर कंपनीने दिलंय तेवढंच ठेवायचं. मग धुराड्यात ॲनालायझरची (धूर तपासायच्या यंत्राची) नळी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड यांचं गुणोत्तर बघायचं. ते ०.००४ च्या आत हवं. तुमच्याकडे ॲनालायझर आहे? दरवर्षी कॅलिब्रेट करून आणलेला? नसेल तर ‘चालू झाला’ एवढंच तुम्हाला कळेल, ‘नीट जळतोय’ हे नाही. गॅस गळला तर मुद्दाम मिसळलेला वास येतो. विषारी कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.

काही मॉडेलांत तर पुढचं पत्र्याचं कव्हरच जळणाच्या कप्प्याचं सील असतं. ते काढणं म्हणजेच गॅसचं काम.

सायकलपंप:
ज्वाला यांच्याविषयी आदर आहे, पण नोंदणीचं कार्ड खिशात असलेला प्रत्येक जण ज्वाला नसतो हो. आमच्याकडे बॉयलरच्या पाण्याचं प्रेशर रोज १.५ बारवरून शून्याकडे यायचं. नोंदणीकृत माणूस आला, सर्किट बोर्ड बदलला. दुसरा आला, म्हणाला नवा बॉयलर घ्या. शेवटी मीच शोधलं: एक्स्पान्शन व्हेसलमधली (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतली) हवा गेली होती. बॉयलर बंद केला, पाण्याचं प्रेशर उतरवलं, मोटारीच्या टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह असतो, त्याला पंप लावून पाऊण बारपर्यंत हवा भरली. तीन हिवाळे झाले.

परवाना पाहून मान तुकवायची आणि डोकं गहाण ठेवायचं, हे मला पटत नाही.

ज्वाला:
सायकलपंप, शाब्बास, खरंच. पण तुम्ही पाण्याच्या बाजूला हात घातलात, आगीच्या नाही. रेडिएटरमधली हवा काढणं, फिलिंग लूप (नळाचं पाणी आत भरायची जोडणी) उघडून प्रेशर १ ते १.५ वर आणणं, गोठलेला पाइप वितळवणं, हे मी ग्राहकांना स्वतः शिकवतो. फुकटचे फेरे वाचतात माझे.

लेस्टरची मावशी:
रेडिंगकर, एक विचारू? ओव्हन विजेचा आहे की गॅसचा? गॅसचा असेल तर दार उघडं ठेवून खोली तापवायची नसते, बाळा. त्यातूनही तोच विषारी वायू साठतो. बॉयलर नंतर उघडा, आधी ४०० मैलांवरून ओरडायला लावू नका.

आणि अजून एक. मी घर भाड्याने दिलंय. तिथला बॉयलर दरवर्षी नोंदणीकृत माणसाकडून तपासून घेणं मला कायद्याने भाग आहे. भाडेकरूच्या पोरांसाठी जे लागतं ते स्वतःच्या नातवंडांसाठी नको, हा कुठला हिशेब?

रेडिंगकर:
गॅसचा आहे. चूक कबूल. (मावशी, लेस्टर ते रेडिंग फार तर शंभरेक मैल!)

जुनी लंडन:
१९६८ च्या मे महिन्यात पूर्व लंडनमध्ये रोनन पॉइंट ही २२ मजली नवी कोरी इमारत एका कोपऱ्यातून पत्त्यांसारखी खाली आली. अठराव्या मजल्यावर पहाटे चहासाठी काडी ओढली आणि गळलेल्या गॅसचा स्फोट झाला, एवढंच निमित्त. चार माणसं गेली. शेगडी एका ओळखीच्या माणसाने जोडून दिली होती.

सायकलपंप:
अर्धीच गोष्ट सांगितलीत. चौकशीत दोष निघाला तो जोडणीच्या कमअस्सल पितळी नटात. आणि इमारत पडली ती बांधणीच कच्ची होती म्हणून. नट मोडला असता तर नोंदणीकृत माणूसही काय करणार होता?

जुनी लंडन:
नट हातात घेऊन बघितला असता, कदाचित.

पक्का पुणेकर:
आमच्याकडे गॅस गिझरचे दोन सेल बदलतो, तेवढंच. बाकीचं गिझरवाला. आणि गिझर बाथरूममध्ये लावायचा नाही, बाहेर ड्राय बाल्कनीत. दरवर्षी पेपरात बातमी येते, बंद बाथरूममध्ये कोणीतरी गेल्याची.

रेडिंगकर:
ठीक. चार स्क्रू जमतील, पण ॲनालायझर माझ्याकडे नाही, हे खरं. त्यावर उत्तर नाही माझ्याकडे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणून बसवला, शुक्रवारचा माणूसही पक्का केला. तरी १८० पौंडांचा हिशेब मला कोणी पटवून दिलेला नाही. पार्ट मागवून ठेवलाय, तोच बसवून घेतो त्याच्याकडून.

ज्वाला:
ग्राहकाने आणलेला पार्ट मी तरी बसवत नाही. उद्या बिघडला तर हमी कोणाची?

रेडिंगकर:
बघा. झालं सुरू.