गोट्याला इंजेक्शन द्यावं का? (कासव, वय १५)

तिसरा मजला
आमच्याकडे रेड-इअर्ड स्लायडर कासव आहे. २०१० साली क्रॉफर्ड मार्केटातून आणलं तेव्हा पाच रुपयांच्या नाण्याहून जरासंच मोठं होतं, म्हणून नाव गोट्या. आठव्या वर्षी त्याने टबात अंडी घातली तेव्हा कळलं की ही बाई आहे. नाव तेच राहिलं.

आता तिची पाठ माझ्या पंजाहून मोठी आहे, आणि कडेला अंगठ्याने दाबली तर दबते. भिजलेला पुठ्ठा दबतो तशी. मागचे पाय दोन महिने हलत नाहीत. रक्त तपासलं, त्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त आणि युरिक अ‍ॅसिड वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं गेल्यात जमा आहेत. मानेतून नळी बसवून भरवायचं आणि दिवसाआड सलाईन लावायचं, तर काही महिने निघतील. नाहीतर शांत मरणाचं इंजेक्शन.

चूक आमचीच आहे. दहा वर्षं तिला सुकट आणि डब्यातल्या दाण्यांवर वाढवलं. गॅलरीत काचेतून ऊन यायचं, तेवढं पुरतं असं वाटायचं. हाडांना लागणारे अतिनील किरण काच अडवते, हे कोणी सांगितलंच नाही. आम्हीही विचारलं नाही.

नवरा म्हणतो, इंजेक्शन. सासूबाई म्हणतात, कासव आहे, आपल्या हाताने नको. मुलगी या विषयावर बोलतच नाही. तुम्ही काय केलं असतंत?

शिळोप्याची
नको गं बाई. देवळात गाभाऱ्यापुढे ज्याला हात लावून आत जातो, त्याला सुई टोचायची? मरण यायचं तेव्हा येईल. पाण्यात ठेव, जवळ बस.

बदलापूरचा सर्पमित्र
आधी एक विचारतो. पाण्याचं तापमान मोजलंत का? जानेवारी आहे. पाणी गार पडलं की ही कासवं खाणं सोडतात, हलत नाहीत, लोक मेलं समजून पुरायला निघतात. असा एक फोन मला दर हिवाळ्यात येतो. एकदा तर खड्डा खणून झाला होता. कासव दुपारी उन्हात ठेवलं, संध्याकाळी चालायला लागलं.

तिसरा मजला
हीटर आहे, पाणी २७ अंश. वर बसायच्या फळीवर आता अतिनील किरणांचा (यूव्हीबी) दिवाही आहे. उशिरा आला, पण आहे. ती फळीवर चढत नाही. चढायला मागचे पाय लागतात.

वाऱ्यावरची वरात
तलावपाळीला सोडून द्या की. निसर्गात बरी होईल.

बदलापूरचा सर्पमित्र
कृपा करून हा सल्ला कोणाला देऊ नका. हे कासव मूळचं अमेरिकेतलं. जगातल्या सगळ्यात त्रासदायक शंभर उपऱ्या प्रजातींच्या यादीत याचं नाव आहे. आपल्या तलावांतल्या देशी कासवांची जागा आणि खाणं ही पटकावतात. शिवाय मागचे पाय न हलणारं जनावर खोल पाण्यात सोडणं म्हणजे बुडवणंच झालं. फक्त आपल्याला दिसणार नाही एवढंच.

उलटी छत्री
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नळी, दिवसाआड सलाईन, काही महिने हा सगळा तुमचा त्रास आहे. गोट्याच्या बाजूने तुम्ही एवढंच लिहिलंत की पाय हलत नाहीत. तिला दुखतंय असं तुम्ही कुठेच म्हटलेलं नाही.

माझी आई अर्धांगवायूने अडीच वर्षं अंथरुणाला खिळली होती. पहिले सहा महिने भेटायला येणारा प्रत्येक जण जिना उतरताना म्हणायचा, ‘सुटली तर बरं.’ मीही मान हलवायचो. नंतरची दोन वर्षं ती रोज दुपारी माझ्याशी डाव्या हाताने पत्ते खेळली, आणि लबाडी करून जिंकायची. सुटका कोणाला हवी होती ते मला तेव्हा कळलं.

परळचा माजी विद्यार्थी
छत्रीवाले, आईंबद्दल आदर आहे, पण आई पत्ते टाकत होत्या, लबाडी करत होत्या. त्यांना काय हवंय ते त्यांच्याकडे बघून कळत होतं. कासवाला कण्हता येत नाही, चेहरा आक्रसता येत नाही, म्हणून त्याला दुखत नाही असं धरून चालणं माणसाला फार सोयीचं आहे.

याच जातीच्या कासवांवर वेदनाशामकं तपासली गेली आहेत. पायाला गरम लागल्यावर ते पाय किती वेळात मागे घेतात हे मोजलं. मॉर्फीन आणि ट्रॅमॅडॉल दिल्यावर तो वेळ वाढला, ब्युटॉर्फॅनॉलने वाढला नाही. दुखत नसतं तर औषधाने फरक पडला असता का? युरिक अ‍ॅसिड वाढलं की त्याचे खडे सांध्यांत साठतात, कधी हृदयाभोवतीही. ज्यांच्या घरात गाऊटचा माणूस आहे त्यांना अंगठ्यावर चादर पडली तरी काय होतं ते माहीत असेल.

ताई, काही गोष्टी बघा. दिवसा डोळे मिटलेले असतात का? पाय ओढला तर ती मागे घेते का? मान लांब काढून तोंड उघडून श्वास घेते का?

उलटी छत्री
मग ट्रॅमॅडॉल द्या की! दुखतंय तर दुखण्याचं औषध. थेट मरणाचं कशाला?

परळचा माजी विद्यार्थी
हे मात्र बरोबर आहे. ताई, डॉक्टरांनी वेदनाशामक सुरू केलंय का? मूत्रपिंडं कमजोर असताना मेलॉक्सिकॅमसारखं औषध जपून द्यावं लागतं, पण दुसरे पर्याय आहेत. विचारून घ्या.

तिसरा मजला
नाही, सुरू केलेलं नाही. आम्ही विचारलंच नव्हतं. उद्या जाते.

चष्म्याची काडी
१९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होतं. गांधीजींनी डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन त्याला मरण दिलं. केवढं काहूर उठलं होतं तेव्हा. त्यांनी ‘नवजीवन’मधून त्याचं उघड समर्थन केलं. अहिंसा शिकवणाऱ्या माणसाला जे चाललं ते आपल्याला का चालू नये?

उलटी छत्री
गांधींना तळमळ डोळ्यांनी दिसत होती. इथे तीच तर दिसत नाही, आणि आपण ती कल्पनेने भरतोय. शिवाय मोठ्या माणसाने केलं म्हणून आपणही करायचं, तर सगळंच करा. उपासही करा.

शिळोप्याची
मी म्हणते, तिने खाणं सोडलं म्हणजे तिचं तिनेच ठरवलं. विनोबांनी नव्हतं का सोडलं? तसंच जाऊ द्या.

परळचा माजी विद्यार्थी
आजी, विनोबांनी १९८२ साली पवनारला अन्नपाणी सोडलं ते समजून उमजून. गोट्याने काही ठरवलेलं नाही, तिला मळमळतंय. आणि कासव उपाशी राहून लवकर जात नाही, महिने काढतं. ‘तसंच जाऊ द्या’ हा यातला सगळ्यात लांबचा रस्ता आहे.

कोपऱ्यातला कुंडीवाला
आमच्या ओळखीत एकाने फ्रीजरमध्ये ठेवलं होतं. गारठ्याने झोप लागते आणि झोपेतच जातं म्हणे. खर्चही नाही.

बदलापूरचा सर्पमित्र
अजिबात नको! काही वर्षांपूर्वी जेसीबीच्या दाताखाली एक धामण आली. दोन तुकडे. पाऊण तासाने पंचनाम्याला माणूस आला, त्याने काठी जवळ नेली तर डोक्याकडच्या तुकड्याने काठी धरली. तेव्हापासून ‘लगेच मेलं’ या शब्दांवर माझा विश्वास नाही. यांचा मेंदू प्राणवायूशिवाय आपल्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतो.

परळचा माजी विद्यार्थी
सर्पमित्रांना दुजोरा. शुद्धीवर असलेलं जनावर गोठवणं अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या सूचनांत स्पष्ट नाकारलेलं आहे. नुसता भुलीचा वायू हुंगवूनही भागत नाही, कासव तासन्‌तास श्वास रोखतं. योग्य पद्धत दोन टप्प्यांची आहे. आधी पूर्ण बेशुद्ध करून पेंटोबार्बिटल हे मरणाचं औषध, मग मेंदू नष्ट करणं, म्हणजे परत जाग यायची शक्यताच उरत नाही. ऐकायला वाईट आहे, पण त्या वेळी तिला काही कळत नसतं. आणि मेंदू गेल्यावरही हृदय बराच वेळ धडधडत राहतं. त्यासाठी डॉप्लर लावून ठोके ऐकतात, स्टेथोस्कोपने कवचातून नीट कळत नाही.

तिसरा मजला
बारा दिवसांनी लिहितेय. ट्रॅमॅडॉल सुरू केलं होतं. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले. चौथ्या दिवशी मुलीच्या हातून दुधीचा तुकडा घेतला, म्हणजे तोंडात धरला आणि पाण्यात नेऊन सोडून दिला. पण घेतला. घरात दिवाळी झाली. मला छत्रीवाल्यांचे आभार मानायचे होते, लिहायला बसलेही होते.

नवव्या दिवसापासून पुन्हा डोळे मिटलेले. मुलीने फ्रीजवरच्या कालनिर्णयावर खुणा केल्यात. डोळे उघडले तर निळी, नाही तर काही नाही. सहा निळ्या आहेत, त्या सगळ्या एका बाजूला. काल मी तिला सलाईनसाठी उचललं तेव्हा पुढचे पायही तिने आत घेतले नाहीत. पंधरा वर्षांत हात लागला की फस्सकन हवा सोडून आत जायची. काल नुसती लोंबत राहिली.

नळी बसवायची नाही असं ठरवलंय. शनिवारी सकाळी अकरा. सासूबाई येणार नाहीत. मुलगी म्हणाली, मी येते.

शिळोप्याची
नेताना टब नको, ओल्या टॉवेलात गुंडाळ. कवचाला ओल राहते. मला पटत नाही, पण तरी.

उलटी छत्री
मलाही पटलेलं नाही. ते सहा दिवस तिला मिळाले हे विसरू नका, आणि सातवा मिळालाच नसता असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, परळकरही नाही. पण जाणारच असाल तर डॉक्टरांकडे डॉप्लर आहे का, ते शनिवारच्या आधी फोन करून विचारा. तिथे गेल्यावर नको.

तिसरा मजला
विचारलं. आहे. ठोके थांबेपर्यंत आम्हाला थांबता येईल का, तेही विचारलं. म्हणाले, तासभर लागेल कदाचित, डबा घेऊन या.