भट्टीच्या मीटरवरील नोंदींतून निर्णय कसा काढावा?

प्रश्न (शिरोली, कोल्हापूर)
नमस्कार. आमच्या लहान फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) गेल्या वर्षी इंडक्शन भट्टी, कॉम्प्रेसर, वाळू विभाग अशा 12 ठिकाणी डिजिटल मीटर बसवले. दर 15 मिनिटांनी नोंद होत असल्याने एका मीटरच्या दिवसाला 96 आणि सर्व मीटरच्या मिळून महिन्याला 34,560 नोंदी साठतात. पडद्यावर आलेख नीट दिसतात. परंतु वर्षभरात त्यांच्या आधारे एकही निर्णय घेता आला नाही, याची खंत वाटते. सुरुवात कोठून करावी?

उत्तर 1 (ऊर्जा लेखापरीक्षक)
तूर्त 11 मीटर बाजूला ठेवून फक्त भट्टीचा मीटर पाहावा, कारण फाउंड्रीतील विजेचा सर्वांत मोठा वाटा वितळणीचा असतो. तसेच 15 मिनिटांऐवजी एक हीट (वितळणीची एक खेप) हे एकक धरावे. प्रत्येक हीटला चार्जचे (भट्टीत टाकलेल्या धातूचे) वजन, सुरुवातीची वेळ, धातू तयार झाल्याची वेळ, शेवटचे लॅडल (धातू साच्यांकडे नेण्याचे पात्र) भरल्याची वेळ आणि या तिन्ही वेळांचे मीटर वाचन वहीत लिहावे. ही वही नसेल तर मीटरच्या नोंदी मुक्याच राहतात.

बीड (ओतीव लोखंड) सुमारे 1,500 अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्यास सिद्धांतानुसार टनामागे साधारण 390 युनिट पुरतात, तर अनेक भट्ट्यांत प्रत्यक्षात 550 ते 650 युनिट लागतात. या फरकातील काही भाग अटळ आहे. मात्र उघडे झाकण, परतीच्या मालाला (पुन्हा वितळवायच्या तुकड्यांना) चिकटलेली वाळू आणि तयार धातूचे ताटकळणे यांवर उपाय करता येतो. धातू साच्यांची वाट पाहत थांबत असेल, तर दोष भट्टीचा नसून नियोजनाचा आहे, आणि तो आकडा इलेक्ट्रिशियनपेक्षा साचा विभागाच्या सुपरवायझरपुढे ठेवणे आवश्यक आहे. माझ्या अनुभवात आकडे वाया जातात ते बहुधा चुकीच्या टेबलावर पोहोचल्यामुळे.

उत्तर 2
वरील मताशी सहमत आहे. मात्र टनामागील युनिट काढताना एक सावधगिरी बाळगावी. उत्पादन कमी असलेल्या दिवशी हा आकडा आपोआप फुगतो, कारण भट्टीला थंड करणारे पंप, दिवे आणि कॉम्प्रेसर यांचा ठरावीक भार चालूच असतो. म्हणून दोन महिन्यांच्या नोंदी घेऊन आडव्या अक्षावर दिवसाचे टन आणि उभ्या अक्षावर कारखान्याची एकूण युनिट मांडावीत. बिंदूंमधून जाणारी रेषा शून्य उत्पादनाला जेथे उभ्या अक्षाला छेदते, तो आपला ठरावीक भार. रेषेच्या बराच वर गेलेला दिवस तेवढाच तपासावा.

शिवाय टन चांगल्या कास्टिंगचे (ओतून तयार झालेल्या नगांचे) धरावेत. वितळणीला टनामागे 600 युनिट लागत असतील आणि त्यातील 60 टक्केच धातू चांगल्या कास्टिंगच्या रूपाने बाहेर जात असेल, तर खरा खर्च 1,000 युनिट आहे. अशा वेळी भट्टीत सुधारणा करण्यापेक्षा रनर-रायझर (साच्यातील धातूच्या वाटा व भरपाईचे साठे यांत गोठणारा धातू) आणि रिजेक्शन (नाकारलेले नग) कमी करणे अधिक लाभाचे ठरू शकते.

उत्तर 3
उच्चदाब जोडणी असल्यास बिलात कमाल मागणीचा (एका वेळी एकत्रित लागलेल्या सर्वाधिक भाराचा) आकार स्वतंत्र असतो. भट्टी पूर्ण भारावर असताना वाळू विभागही त्याच वेळी सुरू होतो का, एवढे आपल्या 15 मिनिटांच्या नोंदींत जरूर पाहावे.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. आठवडाभर वही ठेवली. सकाळच्या पाळीत तयार धातू सरासरी 10 मिनिटे थांबतो, दुपारच्या पाळीत 25 मिनिटे. दुपारी साचे अपुरे असतानाच हीट सुरू केली जाते, असे आढळले. सोमवारपासून साचा विभागाने तयार साच्यांची संख्या वहीत लिहून सही केल्याशिवाय हीट सुरू होणार नाही.